एका रात्री एकच माणूस

बोरच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत, त्यांना जागल चुकत नाही. दिवाळी आटोपली, हरभरा उगवून वर आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात धुऱ्याधुऱ्यावर मचाणं उभी राहतात. चार बल्ल्या, वर आडव्या फाट्या, त्यावर तणसाचा थर आणि डोक्यावर ताडपत्री. रात्री जेवून शेतकरी तिथं जातो आणि उजाडेपर्यंत पिकाची राखण करतो. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की खातो थोडं, उकरून ठेवतो जास्त. रोही, म्हणजे नीलगायी, शेंडे खातात आणि जिथं बसतात तिथलं पीक लोळवून टाकतात. आजोबांच्या काळात ही राखण ज्वारीची असायची. आता या भागातून ज्वारी जवळपास गेलीच. पाखरं आणि डुकरं सोसून ती पेरणं कोणाला परवडत नाही. तूर-हरभऱ्याची जागल तेवढी राहिली.

आमच्याकडे हे काम सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, करायचा. बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. त्याचं मुख्य जंगल लहान, वाघ त्या हद्दीत मावत नाहीत आणि नाल्याकाठानं आमच्या शिवारातून येतात-जातात. एका हिवाळ्यात आमच्याच वावराच्या कडेला ओल्या रेतीत पंजे उमटलेले दिसले. त्यानंतर सालदारानं जागलीला नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पैसे देऊन दुसऱ्याचा जीव तिथं ठेवणं मलाही पटेना. पीक सोडून देणं शक्य नव्हतं. मग मीच जायला लागलो.

त्या रात्रींनी घराकडे, कामाकडे आणि माझ्या थोरल्या भावाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. त्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण ‘मनाला शांतता पाहिजे’ असं म्हणणारी माणसं मला आता गावातही भेटतात. कोणी शिबिराला जाऊ का विचारतो, कोणी मोबाइलवर प्रवचनं ऐकतो. ते सगळं करावं. पण आपल्या कामातच असा वेळ दडलेला असतो, त्याकडे आपण फक्त हाल म्हणून पाहतो. जागल हे हालच आहेत. जानेवारीतली थंडी हाडात शिरते, पाठ धरते, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात. तरीही ज्या गोष्टी मला तिथं दिसल्या त्या दिवसाउजेडी दिसल्या नव्हत्या.

मचाण नेहमीपेक्षा उंच बांधलं. नाल्याची बाजू सोडून बाकी वावराला झटका मशीनची तार ओढली. मोठी बॅटरी, पत्र्याचा डबा, घोंगडी आणि पाण्याची कॅन एवढंच सोबत. उजाडल्याशिवाय एकट्यानं खाली उतरायचं नाही, हा नियम बायकोनं घालून दिला आणि मी तो मोडला नाही. शेजारच्या वावरात एक काकाजी जागलीला असतात. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला भगवी टोपी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. दर थोड्या वेळानं ते तिकडून हाक देतात, मी इकडून ओ देतो. तेवढाच माणसाचा आवाज.

मोबाइलला तिथं रेंज नाही. सुरुवातीला मी गाणी भरून नेली होती. पण राखण कानानं करायची असते. डुकरं आली की आधी नाल्याकडच्या गवतात खसखस होते, मग फुरफुर, आणि मग हरभरा उपटल्याचा करकर आवाज. शेवटचा आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. कानात गाणं असेल तर पहिली खसखस कळत नाही. म्हणून इअरफोन घरी राहिला. शांत बसायचं असं मी ठरवलं नव्हतं, कामानंच मला तसं बसवलं.

घड्याळही बघावंसं वाटेनासं झालं, कारण वर तिकांडं होतं. मृग नक्षत्रातल्या त्या ओळीतल्या तीन चांदण्या. डिसेंबरात त्या मध्यरात्रीच्या सुमारास माथ्याशी येतात. रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवत जातात, त्यामुळे महाशिवरात्र जवळ येते तेव्हा रात्रीच्या जेवणाच्या वेळेलाच त्या वर आलेल्या असतात. आमच्या घरातली जुनी माणसं यावरूनच रात्र मोजायची. ते मी लहानपणी ऐकलं होतं, पण स्वतः मोजून पाहिलं ते आता.

बाहेर एवढी शांतता होती तरी डोक्यात बाजार भरलेला असायचा. सोसायटीचं कर्ज, कापसाचा भाव आणि दादाचा हिस्सा. या तीनच गोष्टी, रोज त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. दादा, माझा थोरला भाऊ, नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत आहे. वडील गेल्यापासून त्याच्या वाट्याचं वावरही मीच वाहतो. वर्षभरापासून तो म्हणत होता की हिस्सा विकायचा आहे. रात्री मचाणावर मी त्याच्याशी भांडायचो. मी बोलायचो, तो गप्प व्हायचा, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकायचो. सकाळी उतरताना डोकं जड झालेलं असायचं. विचार केला असं वाटायचं, पण खरं तर एकच चक्र रात्रभर फिरत राहायचं.

या टप्प्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या विदर्भात कर्जापायी किती घरं उजाड झाली हे कोणाला सांगायला नको. एकटं बसणं प्रत्येकाला, प्रत्येक रात्री मानवतं असं नाही. मन एकाच अंधाऱ्या बाजूला घसरत असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर शांत बसून ते सुटत नाही. अशा वेळी उठून माणसांत जावं, बोलावं. टेली मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. आमच्या गावच्या दुकानात मी तो कागदावर लिहून लावला आहे. शांततेची किंमत माणसाच्या जिवापेक्षा मोठी नसते.

माझं चक्र थांबवलं ते काकाजींनी. एका पहाटे उजाडल्यावर त्यांच्या आगटीवर हात शेकत बसलो होतो. मंडळाचं सामुदायिक ध्यान पहाटे आणि सामुदायिक प्रार्थना सायंकाळी, हे त्यांचं आयुष्यभर चालत आलेलं. म्हणून विचारलं, “काकाजी, तुम्ही रात्रभर कसं बसता? माझं तर डोकं फिरतं.”

“डोये मिटून बसलं म्हंजे ध्यान, असं कोनं सांगतलं तुले?” ते म्हणाले. “तू रातभर सोतालेच पाहून रायला. सोताले किती पाहाचं? एका राती एकच मानूस घ्याचा. त्याचा पुरा दिवस पाहाचा, पहाटी उठल्यापासून तं झोपेपर्यंत. जिथं अडला तिथं थांबाचं. तितलं आपल्याले मालूम नाही असं समजाचं. अन् दुसऱ्या दिवशी जाऊन इचाराचं.”

मी म्हटलं, हे कुठं शिकलात? त्यांनी आगटीतलं लाकूड आत सरकवलं आणि बराच वेळ बोलले नाहीत.

“माही बुढी गेली, तवा सुरू केलं. तिचा दिवस मले पुरा करता येत नाही. दुपारचा तिचा येळ मले दिसतच नाही. आता इचारू कोनाले?”

त्या रात्री मी बायकोचा दिवस घेतला.

सोपं वाटलं होतं. पंधरा-सोळा वर्षांचा संसार. ती पाचच्या आधी उठते. अंगण झाडते, सडा टाकते. नळाचा दिवस असेल तर पाणी भरते. चहा, पोरांचे डबे, माझी भाकर. मग बचत गटाचं काही असलं तर तिकडं, नाहीतर वावरात. वेचणीच्या दिवसांत ती बायकांसोबत असते, तेव्हाचं मला चांगलं दिसत होतं: कमरेला ओटी, उन्हाच्या बाजूला ओढलेला पदर, कापूस मोजताना वजनकाट्याकडे रोखलेली नजर. पण वेचणी नसलेल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, दुपारी दोन ते चार? तिथं मी अडलो. ती घरात असते, एवढंच मला माहीत होतं. ती काय करते, कुठं बसते, काही बघते का, झोपते का, काहीच दिसेना. रात्रभर तिथंच घुटमळलो. काकाजींना न दिसलेली वेळ तीच होती, हे मचाणावर लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. फरक एवढाच की मला घरी जाऊन विचारता येणार होतं.

सकाळी विचारलं. ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली.

“तुमाले काहून पाह्यजे ते?”

म्हटलं, सहज. रात्री आठवत होतो, आठवलं नाही.

ती हात धुवून आली. घराच्या मागं कडुनिंबाखाली एक जुना पाटा पडला आहे, मसाला वाटायचा, आता मिक्सर आल्यापासून पडूनच. दुपारी ती त्यावर बसते. काही करत नाही. निवडायला घेत नाही, मोबाइल घेत नाही. कोणी दारातून हाक दिली तर पहिल्या हाकेला उठत नाही.

“त्या टाइमले मी कोनाचीच नसतो,” ती म्हणाली.

आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, बाई असून ‘नसतो’ म्हणतात. हे वाक्य तिनं अगदी साध्या आवाजात म्हटलं, तक्रार नव्हती. मी त्यावर काही बोललो नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्यासोबत मचाणावर असायचं. आपण पुरुष शांत बसलो की त्याला चिंतन म्हणतो, साधना म्हणतो, लोक चप्पल काढून बाजूनं जातात. बाई शांत बसली की ती रिकामी बसली असं घर समजतं आणि तिला काम सांगतं. माझ्या घरात एक माणूस वर्षानुवर्षं रोज दुपारी मौन पाळत होता, त्याला नाव नव्हतं, जागा नव्हती, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मी जे थंडीत रात्र-रात्र बसून मिळवू पाहत होतो ते तिनं भांडी आणि चहा यांच्या मधल्या फटीत केव्हाच मिळवलं होतं. आता चारच्या आधी आमच्या घरी चहा मागत नाही कोणी. पोरांनाही सांगून ठेवलं आहे.

पोरांचे दिवसही असेच घेतले, त्याबद्दल फार लिहित नाही. मोठ्याच्या शाळेच्या रस्त्यावर तो कोणासोबत जातो हे मला ठाऊक नव्हतं, ते कळलं. धाकटीचा दिवस मात्र पुरा झाला, कारण ती सगळं सांगते.

मग मनात आलं की माणसासारखंच एखादं कामही घेऊन पाहावं. एका रात्री फवारणी घेतली. त्या हंगामात पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीवर, तुरीवर, हरभऱ्यावर जितक्या वेळा पंप पाठीवर घेतला ती प्रत्येक फवारणी डोळ्यांपुढं आणायची आणि विचारायचं: ही कशासाठी केली? काही फवारण्यांचं उत्तर होतं, अळी दिसली होती. बाकीच्यांचं उत्तर असं येत होतं की शेजारच्यानं मारली म्हणून, कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं म्हणून, ढग आले म्हणून, मागच्या वर्षी याच सुमारास मारली होती म्हणून. भीती हे एकच कारण वेगवेगळ्या कपड्यांत समोर येत होतं. आणि ती भीती खोटी नव्हती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं इथल्या शेतकऱ्यांचा कापूस डोळ्यांदेखत नासवला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. एका भीतीनं हातात पंप दिला आणि त्याच पंपानं माणसं गेली. हे सगळं मला आधीच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि एका रात्री दुसरं काहीच समोर नसताना ते नीट पाहणं वेगळं.

त्यातून मी बघायची सवय लावून घेतली. पहाटे मचाणावरून उतरलं की लगेच घरी जायचं नाही. हरभऱ्यावर दव असतं, त्यात पानांची आंब उतरलेली असते, चालताना पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि पायाला चरचरतं. ओळीजवळ उकिडवं बसून एक मीटरभर ओळ धरायची आणि झाडं हलक्या हातानं झटकून घाटेअळ्या मोजायच्या. मीटरला एक-दोन अळ्यांच्या खाली असेल तर औषधाची घाई करायची नाही. कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावले. गुलाबी बोंडअळीचे सापळ्यामागं आठ पतंग, तेही सलग तीन रात्री सापडले तर नुकसानीची पातळी गाठली असं समजायचं. हे आकडे कृषी सहायकानं कितीदा सांगितले होते, पण मोजायला जो थांबलेपणा लागतो तो माझ्याकडे नव्हता. हरभरा पेरताना मधे मधे ज्वारीचे दाणे टाकले होते. त्या ताटांवर सकाळी कोतवाल पक्षी येऊन बसतो. शेपटी हलवत खाली बघतो, झेप घेतो, अळी उचलतो आणि परत त्याच ताटावर येतो. साळुंक्या येतात त्या ओळीतून चालत चालत वेचतात. त्यांचं काम बघत मी कितीतरी वेळ उभा राहिलो आहे. त्या हंगामात फुलोऱ्यात पाच टक्के निंबोळी अर्काची एक फवारणी केली, नंतर मोजत राहिलो, आणि पुढच्या औषधाची गरज पडली नाही. दरवर्षी असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण आता पंप उचलायच्या आधी मला कारण सांगता येतं.

आमच्या या मुलखाला मौन काही नवं नाही, हेही मला नंतर उमगलं. वर्ध्याला माल घेऊन जाताना पवनार लागतं, तिथून सेवाग्राम जवळच. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. ते सोमवारी मौन पाळायचे, पण त्या दिवशी काम बंद नसायचं. लिहायचं असेल ते कागदाच्या कपट्यांवर लिहून द्यायचे. विनोबांनी पवनारला २५ डिसेंबर १९७४ पासून पूर्ण वर्षभर मौन पाळलं. शाळेत असताना सहलीला जाऊन आम्ही या जागा पाहिल्या, पेरू खाल्ले आणि परत आलो. आता कधी गाडी रिकामी करून येताना पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ थांबतो आणि विनोबांच्या आश्रमात जाऊन येतो. विनोबा तिथली जमीन स्वतः खणायचे, तेव्हा जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातलं एक शिल्प भरत-राम भेटीचं आहे, ते तिथल्या मंदिरात आहे. वनवासातून परतलेला थोरला भाऊ आणि त्याला भेटणारा धाकटा. मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं तेव्हा दादाचा विषय माझ्या मनात ताजा होता. मी तिथून लवकर निघालो.

पुढच्या वर्षी काकाजींसोबत मोझरीला गेलो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्याच वेळेला मौन श्रद्धांजली होते. लाखांचा समुदाय. आदल्या क्षणापर्यंत खंजिरी, भजन, हाका, लेकरांची रडारड. घंटा झाली आणि तो सगळा आवाज थांबला. समोरच्या महामार्गावरच्या गाड्याही थांबल्या. मचाणावरची शांतता मला ओळखीची होती, पण एवढ्या माणसांनी मिळून धरलेली शांतता वेगळी. माझ्या शेजारी उभ्या बाईच्या कडेवर तान्हं पोर होतं, ते एकटं हुंकार देत होतं आणि कोणी त्याला गप्प करत नव्हतं. काकाजींचे डोळे उघडे होते. कोणाचा दिवस पाहत असतील ते, हे मी विचारलं नाही.

दादाचा दिवस मी सगळ्यात शेवटी घेतला. टाळतच होतो. एका रात्री घेतला आणि पहिल्याच पायरीवर अडलो, तो उठतो केव्हा हेच माहीत नाही. पाळ्या असतात एवढं ठाऊक, पण कोणत्या आठवड्याला कोणती, जेवण घरचं की कॅन्टीनचं, मशीनवर बसून काम असतं की उभं राहून, काहीच नाही. बायकोच्या दिवसात दोन तासांची फट होती, दादाचा अख्खा दिवसच कोरा होता. ज्या माणसाशी मी इतक्या रात्री भांडलो तो माझ्या मनात फक्त एका वाक्यापुरता होता: ‘हिस्सा विकायचा आहे.’ त्या वाक्याच्या मागंपुढं माणूसच नव्हता.

फोन केला. नियमाप्रमाणे विचारलं, दादा तुझा दिवस कसा असतो, सांग ना. पलीकडून आधी काहीच आलं नाही. मग म्हणाला, “इतक्या वर्सानं आज इचारून रायला? वावराचं बोलाचं असन तं सरळ बोल.” फोन लवकर संपला. वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मीही असंच म्हटलं असतं, हे कळत होतं. शांतपणे पाहून आलेला माणूस बदललेला असतो. समोरचा कालच्याच जागी उभा असतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

संक्रांतीनंतरच्या एका सुट्टीला तो आला. म्हणाला, जागलीला येतो. आम्ही दोघं मचाणावर गेलो. मला वाटलं आता रात्रभर बोलणं होईल, सगळं मोकळं होईल. दादा घोंगडी अंगावर घेऊन आडवा झाला आणि तिकांडं माथ्यावर यायच्या आत घोरायला लागला. मधे डुकरं आली, मी डबा वाजवला, बॅटरी मारली, ओरडलो, तरी तो उठला नाही. त्या रात्री मी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. पायांवर सूज होती, घोट्याजवळ मोज्याच्या वळ्या उमटलेल्या. त्याचं काम उभं राहून असतं, हे न विचारता कळलं.

सकाळी काकाजींच्या आगटीवर हिरवा हरभरा डहाळ्यासकट भाजला. हुळा खाताना हात-तोंड काळं होतं, माणूस लहान होतो. दादा आपणहून बोलला. पुतणीला नर्सिंगला घालायचं आहे, फीचा आकडा सांगितला. घराच्या कर्जाचा हप्ता सांगितला, पगार सांगितला. वावर विकायची त्याला हौस नव्हती, त्याच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, हिस्सा तुझा आहे, तुझाच राहील, पण मी वाहतो त्याचा गावात चालतो त्या भावानं मक्ता, म्हणजे वर्षाचं ठरलेलं भाडं, घे. आजवर वडिलांच्या वेळची रीत चालत आली होती, वर्षाला तुरीची डाळ, गहू असं घरचं पोत्यानं पाठवायचं. दादानं ती मोडायची भाषा कधी केली नव्हती. मक्त्याचा आकडा मी रात्रीच त्याच्या बाजूनं मांडून ठेवला होता, म्हणून तो सांगताना अडखळलो नाही. तो म्हणाला, “घरच्यांशी बोलतो.” मिठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. हुळा खाऊन झाल्यावर त्यानं नाल्यावर हात धुतले आणि मोटरचा स्टार्टर उघडून बघत बसला, त्याचा आवाज त्याला बरोबर वाटत नव्हता. बेअरिंग गेलं होतं, ते त्यानंच शोधून दिलं.

आमच्या ओट्यावरच्या भिंतीला कृषिपंपाच्या विजेचं वेळापत्रक लावलेलं असतं, कोणत्या दिवशी लाइन दिवसा आणि कोणत्या दिवशी रात्री. त्याच्या बाजूला आता दादाच्या शिफ्टचा कागद आहे, पुतणीनं लिहून पाठवलेला. रात्रपाळीचा आठवडा असला की मी दुपारपर्यंत फोन करत नाही. मक्त्याचा पहिला हप्ता तिच्या पहिल्या वर्षाच्या फीला गेला. तेवढ्यानं भागत नाही, कर्ज काढावंच लागलं. हिस्सा विकायचा की ठेवायचा, हे तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत काढायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. विकायचाच झाला तर दादा आधी मला विचारेल. मी किती देऊ शकतो तो आकडा मी त्याला सांगून ठेवला आहे, आणि दरवर्षी हरभरा निघाला की मी तो आकडा नव्यानं सांगतो.